उजव्या टोकाच्या पट्ट्या

त्या मुलीची करंगळी पियानोच्या अगदी उजव्या टोकाच्या पट्टीवर पडली आणि आवाज आला नाही. रंगनाथला वाटलं, पट्टी बिघडली. सातपूरच्या कारखान्यात प्रेसशॉपचा सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलेला माणूस तो. चालत्या यंत्रातलं काही बंद पडलं की त्याचा हात आपोआप उचलला जाई. आत्ताही उचलला गेला आणि खुर्चीच्या कडेवर थांबला. स्टेजवरची मुलगी मात्र थांबली नाही. तिचा उजवा हात मधल्या पट्ट्यांवरून उडाला, पुन्हा त्या टोकाला जाऊन आदळला, परत आला, पुन्हा गेला. इतक्या वेगाने की हात एक आहे की दोन, कळेना. मधलं सगळं त्याला ऐकू येत होतं. डाव्या हाताचे भरदार सूर तर छातीत उमटत होते. पण हात टोकाला गेला की फक्त बोट दिसायचं. बोट पडलं, उठलं, आणि तेवढ्या जागेत काहीच नाही, जिन्याची एखादी पायरी नसावी आणि पाय खाली जावा तसं. आता ही मुलगी गोंधळेल, वाजवायचं सोडून आयोजकांकडे बघेल, माफी मागेल, असं त्याला वाटत राहिलं. तिने बघितलं नाही. मग त्याने शेजारी बसलेल्या लेकीकडे, निकिताकडे पाहिलं. निकिताचे डोळे चमकत होते, तोंड थोडं उघडं होतं, आणि प्रत्येक वेळी ती करंगळी टोकाला पडली की पोरीची हनुवटी किंचित वर जात होती.

तो इथे आला होता तो केवळ सोबत म्हणून. निकिता अकरावीत. शाळेत असताना तिथल्या जुन्या पियानोवर तिचा हात बसला होता, आणि तिथल्या संगीताच्या बाई तिला अजूनही रविवारी शिकवायच्या. मुंबईहून रोशनी नावाची कुणी तरुण मुलगी येणार, परदेशात शिकून आलेली, गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये वाजवणार, हे निकिता दिवाळीपासून घोकत होती. अंधार पडल्यावर पोरीने एकटीने परत येऊ नये म्हणून वत्सलाने नवऱ्याला बरोबर धाडलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो आला, स्कूटर लावली, तिसऱ्या रांगेत बसला. सुरुवातीचे दोन-तीन तुकडे त्याला आवडलेही. मग निकिताच्या बाई माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या की आता जे वाजणार आहे ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, आणि इतकं अवघड आहे की चांगले चांगले त्याच्या वाटेला जात नाहीत. सगळा खेळ वरच्या एका सुराचा आहे, म्हणाल्या. लहानशी घंटा वाजत राहते. तिच्याकडे कान ठेवा. रंगनाथने सांगितल्याप्रमाणे कान ठेवला होता.

आता तो पियानोकडे बघायचं सोडून लोकांकडे बघू लागला. पुढच्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ होते, दुकानदार असावेत, मघापासून पेंगत होते. ते ताठ बसले होते आणि लहान मूल हसतं तसं हसत होते. त्यांच्या पलीकडे पांढऱ्या केसांची एक बाई डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसली होती, दुखणाऱ्या दातावर जीभ ठेवावी तशी. देवळालीहून आलेला एक फौजी अधिकारी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून मुलीच्या मनगटाकडे असा बघत होता की जणू ते मनगट आता तुटणार आणि ते झेलायची जबाबदारी त्याची. आणि हे सगळे वेगवेगळे लोक एकाच क्षणी हलत. करंगळी टोकाला पडली की सगळ्या हॉलमध्ये श्वासाची एक बारीक लाट उठायची. एकदा तर करंगळी त्या एकाच पट्टीवर थरथरत राहिली, बाकीची बोटं खाली वेगळंच काही विणत होती, आणि हॉलमध्ये कुणीतरी न राहवून ‘अरे!’ म्हणालं. रंगनाथने तो ‘अरे’ स्पष्ट ऐकला. कशाला म्हटलं ते ऐकलं नाही. पट्टी बिघडलेली नव्हती. घंटा वाजत होती. दोन-तीनशे माणसांसाठी वाजत होती.

मग एकेक गोष्ट कुणी न बोलावता येऊन समोर उभी राहू लागली. त्याचं मनगटी घड्याळ. सकाळी पाच वाजता बीप-बीप करून उठवायचं. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं म्हणून त्याने रविवार कारंजावरच्या घड्याळजीला दाखवलं, तर तो म्हणाला, नाना, चालतंय की. रंगनाथ त्याच्याशी भांडला होता. रातकिडे. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पूर्वी संध्याकाळ झाली की किर्र सुरू व्हायची. आता नाशिकमध्ये रातकिडेसुद्धा राहिले नाहीत, सगळं काँक्रीट झालं, असं तो गेल्या पावसाळ्यात जेवताना म्हणाला होता, आणि वत्सलाने वाढता वाढता हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं होतं. फक्त पाहिलं होतं. निकिता दारात उभी राहून काही म्हणायची आणि तो भलतंच उत्तर द्यायचा, मग ती ‘जाऊ दे बाबा’ म्हणून निघून जायची. हल्ली ती बरंच काही ‘जाऊ दे’वर सोडायची. त्याला वाटायचं, मोठी झाली, बापाशी बोलायला हिच्याकडे वेळ नाही. प्रेसचा तो आवाज, दिवसभर, वर्षानुवर्षं, पत्र्यावर घाव आणि पुन्हा घाव, त्याला कधी आवाज वाटलाच नव्हता. ती तिथली हवा होती. संध्याकाळी बाहेर पडलं की कानात थोडा वेळ शिट्टी वाजायची आणि मग थांबायची. ती अलीकडे वाजत नव्हती, तर त्याला बरंच वाटलं होतं.

आणि इतकी वर्षं हे निभलं कसं, तेही त्याला तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. तो मालेगावचा. घराच्या पुढच्या अंगाला चार यंत्रमाग, बाप त्यांच्यामध्ये उभा, आई कुसाबाई उंबऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायची. गल्लीतल्या सगळ्याच घरांत माग. त्या खडखडाटात कुणी कुणाला ऐकू जाईल अशी आशाच ठेवायचं नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचे. आई ओठ मोठे करून म्हणायची, ‘रंगा, जेवाले ये’, आणि तो पलीकडच्या भिंतीपासून ते वाचायचा. नाही समजलं की ती हसून कानाला हात लावायची, ‘बहिरा शे का तू?’ माणसाचं बोलणं डोळ्यांनी उचलायचं हे तो चालायला शिकला तसंच शिकला होता. त्यामुळे प्रेसशॉपमध्ये तो कधी अडला नाही, उलट सगळ्यांत हुशार ठरला. साहेब मशीनच्या आवाजात काय म्हणतात ते याला एकट्याला कळायचं. समोरचा समोर असला की सगळं ठीक होतं. पाठ फिरवून बोलणारे, दुसऱ्या खोलीतून हाक मारणारे, अंधारात बोलणारे, असे त्याच्या जगातून एकेक करून कमी झाले होते आणि त्याने त्यांची चौकशीही केली नव्हती. पण त्या मुलीच्या करंगळीला ओठ नव्हते. तिथे डोळ्यांनी ओढून घेण्यासारखं काही नव्हतं.

शेवट जवळ येत होता. डावा हात आता पत्रा वाकवल्यासारखा गडगडत होता, तो त्याला ऐकू येत होता, पायांखालच्या फरशीतून येत होता. मुलगी बाकावरून अर्धी उठली होती, केस तोंडावर आले होते, आणि उजवा हात टोकाला जाऊन असा काही आपटत होता की तो अधिकारीसुद्धा पुढे झुकला. मग थांबलं. मग टाळ्या. टाळ्या मात्र त्याला सगळ्या ऐकू आल्या. पांढऱ्या केसांची बाई टाळी न वाजवता तशीच बसली होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. जाडजूड गृहस्थ उभे राहिले. निकिताही उभी राहिली, वाकून त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, “बाबा! तो वरचा भाग कसला होता ना?”

‘फारच छान’ हे शब्द त्याच्या तोंडात तयार होते. असे शब्द नेहमी तयारच असायचे. ते म्हटले असते तर स्कूटर काढून घरी जाता आलं असतं, आणि पोरीचा चेहरा असाच राहिला असता. त्याने ते गिळले.

“मला नाही ऐकू आला,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तो वरचा भाग. काहीच नाही ऐकू आलं. चल, मला त्या मुलीला भेटायचंय.”

स्टेजवर गर्दी होती. कुणी सही घेत होतं, कुणी नुसतं त्या पियानोच्या जवळ उभं राहत होतं. निकिता त्याची बाही धरून मागे ओढत होती, बाबा, आत्ता नको, लोक बघतायत. तो गर्दी पांगेपर्यंत उभा राहिला. मग पुढे झाला. रोशनी जवळून अगदीच लहान दिसत होती. टॉवेलने मान पुसत होती.

“बेटी,” तो हिंदीत म्हणाला, “तुमने बहुत अच्छा बजाया। लेकिन ऊपर का मुझे सुनाई नहीं दिया। मैं फॅक्टरी में काम करता हूँ। कहाँ तक सुनाई देता है, वो देखना है।”

रोशनीने निकिताकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. तिला वाटलं असावं की म्हातारा चेष्टा करतोय. मग तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि बाकावर बसली.

“मी मराठी बोलते थोडं,” ती म्हणाली. “तुम्ही डोळे बंद करा. ऐकू आलं की हात वर करा. मी वरून खाली येते.”

त्याने डोळे मिटले. कुठेतरी लांब टक् झालं. लाकडावर लाकूड.

“टक् ऐकू येतंय,” तो म्हणाला. “सूर नाही.”

पुन्हा टक्. पुन्हा टक्. डोळे मिटून उभं राहणं त्याला कठीण जात होतं. ओठ नाहीत, चेहरे नाहीत, फक्त काळोख आणि त्यात कुणीतरी दारावर टिचकी मारत येतंय, एकेक दार सोडत. हात वर करावा, असं त्याला फार वाटलं. कुणाला कळणार होतं? मग टक्‌च्या मागे एक धागा लागलेला ऐकू आला. इतका बारीक की आहे की नाही कळेना. पुढच्या पट्टीला तो धागा थोडा जाड झाला. त्याने हात वर केला आणि डोळे उघडले.

रोशनीचं बोट एका पट्टीवर होतं. त्याच्या उजवीकडे, टोकापर्यंत, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक लांब ओळ होती. निकिता तिथे बघत होती. बाई मागे उभ्या होत्या, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“एवढं सगळं?” निकिता म्हणाली.

“एवढंच,” रंगनाथ म्हणाला. “बाकीचं सगळं आहे.” आणि हे त्याने पोरीला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. कळल्याबरोबर त्याचं अंग हलकं झालं होतं. कुठे बिघाड आहे हे ठाऊक नसलेल्या यंत्राशी काय करायचं, हे त्याला कधीच जमलं नव्हतं. ठाऊक झालं की मात्र तो मागे हटत नसे.

घरी वत्सला जेवायची थांबली होती. त्याने चप्पल काढता काढताच सांगितलं. ती पोळीवर तूप लावत राहिली.

“मला माहिती होतं,” ती म्हणाली. “रातकिडे नाहीत म्हणालात ना, तेव्हा मागे इतकी किरकिर चालली होती की मला तुमचं बोलणं ऐकू येईना.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही चिडला असता. घड्याळजीशी भांडलात तसे.”

तिचं बरोबर होतं. त्याने घड्याळजीशी भांडण केलं होतं, रातकिडे शहराने मारले असं ठरवलं होतं, पोरीला तुटक मानलं होतं. जग कमी होत गेलं तसं त्याने प्रत्येक वेळी दोष जगाला दिला होता. “यापुढे समोर येऊन बोल,” तो म्हणाला. “आणि मी चुकलो की सांग. चिडलो तरी सांग.”

“चिडाल तर खरेच,” वत्सला म्हणाली, पण तिने ताट त्याच्या समोर ठेवलं आणि स्वतः बाजूला बसायची ती समोर बसली.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. सरळ चाललेली रेघ एका जागी घाट उतरावा तशी खाली गेली होती. गेलेलं परत येणार नाही, ते म्हणाले. उरलंय ते सांभाळता येईल. कानात लावायच्या यंत्राने बोलणं थोडं स्पष्ट होईल. त्याने यंत्र घेतलं. ते लावून पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची पानं उलटली तर इतका चरचराट झाला की तो दचकला, आणि मग मुद्दाम पुन्हा पानं उलटत बसला. पण त्या टोकाच्या पट्ट्यांपर्यंत यंत्रही पोहोचत नव्हतं.

थोड्या दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की निकिता घरच्या कॅसिओवर बसली की तिचे हात डावीकडेच राहतात. सगळं खालच्या सुरात, जाड, त्याला स्वच्छ ऐकू येईल असं. ती वळून त्याच्याकडे बघायची, त्याचा चेहरा तपासायची. पहिल्यांदा त्याला भरून आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“हे असंच लिहिलंय?”

“नाही. मी खाली आणलंय. तुम्हाला ऐकू यावं म्हणून.”

“मग बाईंसमोर काय वाजवशील?”

तिने हात मांडीवर घेतले.

“माझ्यासाठी खाली उतरायचं नाही,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण ती दचकली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. “जिथं आहे तिथंच वाजव, बेटा. मला नाही आलं ऐकू तर नाही आलं. पण ते तिथं वाजलं पाहिजे.”

तिने बराच वेळ पट्ट्यांकडे बघितलं. मग हात उजवीकडे नेले. त्याला अर्धंअधिक ऐकू आलं नाही, आणि तो शेवटपर्यंत उभा राहिला.

प्रेसशॉपमध्ये आता त्याला सगळ्यांचे ओठ दिसू लागले. आधीही दिसत, पण सगळे असेच बोलतात म्हणून त्याने सोडून दिलेलं. आता दिसलं की पंचविशीची पोरंसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलतात. चहाच्या सुट्टीतही, मशीनं बंद असतानाही. म्हणजे मालेगाव इथेही होतं. स्टोअरमध्ये आवाज अडवायला कानावर लावायच्या टोप्या खोक्यात पडून होत्या. घाम येतो म्हणून कुणी घालत नसे, तोही नसे. त्याने एक काढली, घातली, आणि दिवसभर उतरवली नाही. पोरं हसली. दुसऱ्या दिवशीही त्याने ती घातली. मग तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, शॉपमधल्या प्रत्येकाचे कान तपासायचे.

“तपासल्यावर काय निघेल ते ठाऊक आहे ना तुम्हाला?” मॅनेजर म्हणाला.

“ठाऊक आहे. म्हणूनच. आणि जे निघेल त्यासाठी कुणाला काढायचं नाही.”

मॅनेजरने बघू म्हटलं. पुढच्या सोमवारी तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही सोमवारी. त्याने आवाज चढवला नाही, युनियनच्या नावाने धमकी दिली नाही, फक्त दारात जाऊन उभा राहायचा, साहेब, कानांचं काय झालं? उन्हाळा गेला. शेवटी त्याला बघितलं की मॅनेजर फाइल उघडायचं नाटक करू लागला, आणि एके दिवशी ते नाटकही संपलं; चार-चार जणांनी कान तपासून यायचं ठरलं, आणि कुणालाही कामावरून कमी करणार नाही असं मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं.

सहादू तेवढा तयार होईना. सुरगाण्याकडचा माणूस, मजुरीला म्हणून आलेला आणि सगळ्यांत मोठ्या प्रेसवर टिकून राहिलेला. “मला समदं ऐकू येतं, नाना,” तो म्हणायचा. “लय चांगले हायेत कान.” एका दुपारी रंगनाथ त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. मशीन बंद होतं. त्याने हाक मारली. सहादू विडी शिलगावत होता. त्याने पुन्हा मारली, मोठ्याने. पलीकडच्या पोरांनी माना वळवल्या. सहादूची पाठ तशीच होती. पोरांपैकी कुणी हसलं नाही. रंगनाथ समोर आला. “चल,” म्हणाला, “मी येतो बरोबर.” सहादूने पोरांचे चेहरे बघितले आणि विडी विझवली.

काचेच्या खोलीत सहादू अंग चोरून बसला होता, डोक्यावर ते मोठे हेडफोन. डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू आलं की बोट वर करायचं. त्यांनी बटण दाबलं. सहादूने बोट वर केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. मग त्यांनी काहीच न दाबता नुसता हात बटणावर ठेवला, आणि काचेतून त्या हाताकडे टक लावून बसलेल्या सहादूने बोट वर केलं. डॉक्टरांनी रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथ उठला, काचेच्या अगदी जवळ गेला. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू जाणार नव्हतं. त्याने ओठ मोठे केले.

“सहादू,” तो म्हणाला. “तुला काढणार नाहीत. मी आहे. खरं सांग.”

सहादूने ते वाचलं. त्याचं वर झालेलं बोट तसंच हवेत थोडा वेळ राहिलं. मग त्याने ते खाली आणून मांडीवर ठेवलं, काचेकडे पाठ केली, डोळे मिटले, आणि डॉक्टर पुन्हा बटण दाबू लागले तरी बोट न हलवता बसून राहिला.